मसोबाचा वळसा

कवठाळीच्या खालच्या वस्तीतली माणसं सोमवारीच उठवली होती. चुली, भांडी, शेरडं, खाटेवरची म्हातारी, सगळं. तरी बुधवारी सकाळी नांदेडच्या भूकंप केंद्रातल्या पडद्यावर खालची वस्ती गजबजलेली दिसत होती.

प्रणिता कऱ्हाळेने खुर्ची पडद्याजवळ ओढली. कुणीतरी माघारी गेलं, हा तिचा पहिला विचार. माणसाचा जीव घरात अडकतो. कुणाची कोंबडी राहिली असेल, कुणी हळद उलथायला गेलं असेल. पण एखाददुसरं माणूस गेलं म्हणून पडदा असा हलत नाही. इथं पन्नास-साठ पावलं उठत होती. लेकरं पळत होती. आणि नेमक्या त्याच वस्तीच्या खालून क-आठ जात होता.

ही पावलं पडद्यावर कशी आली, ते आधी सांगायला हवं.

हिंगोलीच्या या पट्ट्यात कित्येक वर्षं जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. फडताळातली भांडी वाजायची, माणसं अंगणात अंथरुणं टाकायची आणि अधूनमधून चार-साडेचारचा धक्का बसायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात केंद्रबिंदू अमुक गावाजवळ म्हणून छापून यायचं. त्या ‘जवळ’मध्ये पाच-सहा किलोमीटरचा घोळ असायचा. ताप आलाय एवढं कळायचं, दुखणं कुठं आहे ते कळायचं नाही. इथला काळा दगड वरून अखंड दिसतो. त्याच्याखाली फार जुना खडक आहे, आणि तो जागोजागी तडकलेला आहे. अशा तड्याला भ्रंश म्हणतात. तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. ताण साठत जातो, आणि एक दिवस एक बाजू सरकते. कोणता धक्का कोणत्या भ्रंशाचा, हे जोवर कळत नव्हतं तोवर सगळा जिल्हाच सारखा भ्यायचा.

मग ‘कानोसा’ आला. यंत्र म्हणावं तर नवं काहीच नाही. गावोगाव इंटरनेटसाठी पुरलेली काचेची तार तीच. तिच्या एका टोकातून प्रकाशाचे ठिपके सोडले, की काचेतल्या बारीकसारीक खोडींवर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. वरची जमीन हलली, तार केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी ताणली गेली, तरी माघारी येणारा प्रकाश बदलतो. किती वेळाने आला यावरून तारेच्या कितव्या मीटरवर हललं तेही कळतं. म्हणजे तालुक्यातली प्रत्येक तार हजारो कानांची माळ झाली. माणसाला जाणवतही नाहीत असे धक्के कानोसाने दोन वर्षं मोजले आणि नकाशावर मांडले. ठिपक्यांच्या आपोआप रेघा झाल्या. त्या रेघा म्हणजे भ्रंश. त्यांना क-एक, क-दोन अशी नावं पडली, आणि गावकरी सरळ ‘रेघ’ म्हणू लागले.

आता धक्का बसला की चार मिनिटांत कानोसा सांगायचा, हा अमक्या रेघेचा. पुढचंही सांगायचा. जोडीतला एक बैल मटकन बसला की जुवाचं सगळं ओझं दुसऱ्याच्या मानेवर येतं. तसं एक रेघ सरकली की शेजारच्या रेघेवर भार चढतो. गेल्या शुक्रवारचा चार पूर्णांक सहाचा धक्का क-सातचा होता, आणि भार चढला होता क-आठवर. महिनाभरात पाचाच्या वरचा धक्का बसण्याची शक्यता पाचात एक. क-आठ फार उथळ होता. तो सरकला तर त्याच्या थेट माथ्यावर जमीन फाटणार होती. म्हणून रेघेच्या दोन्ही अंगांना पन्नास मीटरचा लाल पट्टा आखला गेला, आणि खालची वस्ती उठवली गेली.

या सगळ्याला एकच अट होती. प्रकाश सांगतो तो तारेचा मीटर. तो मीटर जमिनीवर नेमका कुठं आहे, हे माणसाने सांगावं लागतं.

प्रणिताने पडद्यावरची पावलं बाजूला सारली आणि त्यांच्यामागचा जड आवाज मोठा करून पाहिला. एकसारखे ठोके. सात उंच आणि आठवा बसका. पुन्हा सात उंच, आठवा बसका.

ती खुर्चीत मागे टेकली. हा ठोका तिने ओळखला. एकुलत्या एका लेकराचं रडणं जत्रेत ओळखावं, तसा.

तो त्यांच्या घरचा ड्रम होता. शिजवून वाळवलेली हळद त्यात घालतात आणि मोटारीवर फिरवतात. आत हळकुंडं एकमेकांवर घासून साल निघते आणि पिवळाजर्द माल बाहेर पडतो. कऱ्हाळ्यांचा ड्रम आठ पत्र्यांचा. त्यातला एक पत्रा चेपलेला, कारण प्रणिताने ऐन कॉलेजच्या दिवसांत ट्रॅक्टर शिकायची हौस म्हणून तो मागे घेतला तो थेट ड्रमवर. वडिलांचा राग म्हणजे जमदग्नीचा. पण त्यांनी विचारायच्या आत थोरला भाऊ दिगंबर पुढे झाला आणि “मपल्या हातनं झालं” म्हणाला. सटासट दोन बसल्या त्याला. दादाने नंतर तिला एका शब्दानं ऐकवलं नाही. पत्रा मात्र बदलायचा राहिला तो राहिलाच.

तो ड्रम दादाच्या आवारात होता, ओढ्याच्या अलीकडे. पडद्यावर तो ओढ्याच्या पलीकडे, खालच्या वस्तीत फिरत होता.

तिने फोन लावला.

“दादा, ड्रम कुठं हाय आपला?”

“कुठं म्हंजे? गोदामापाशी. कामून?”

“हलवला न्हाई ना? खालच्या वस्तीत नेला का?”

“येडी झालीस का, प्रणे? दोन टनाचं धूड हाय ते. डोक्यावर घिऊन जाऊ?” मागे ड्रमची धडधड ऐकू येत होती आणि लेकरांचा गलका. “हिथं पाय ठिवायला जागा न्हाई. समदी वस्ती गोदामात हाय मपल्या. जेवनं चालल्यात.”

प्रणिताने नकाशाकडे पाहिलं. जिथं दादाचं गोदाम होतं, जिथं चाळीस घरं दाटीवाटीनं राहत होती, तिथं पडदा मुका होता. आणि रिकामी वस्ती बोलत होती. ड्रम आणि पावलं तीनशे मीटर पुढे सरकली होती. ती सरकली असतील, तर रेघही सरकलेली असणार. खरी रेघ तीनशे मीटर अलीकडे होती. तीनशे मीटर अलीकडे गोदाम होतं.

ती उठली. केंद्राचे प्रमुख डॉ. टेंबे शेजारच्या खोलीत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“एका ड्रमवरून?”

“सर, पावलंही आहेत.”

“असतील. पण आदेश जिल्ह्याचा आहे. सोमवारी रेघ इथे म्हणून माणसं उठवली. बुधवारी रेघ तिथे म्हणून परत उठवायची? लांडगा आला रे आला होईल, प्रणिता. तिसऱ्या वेळी खरोखर आला तरी कुणी हलणार नाही. तपासणीचं पथक नेमू. चार दिवसांत अहवाल येईल, मग बोलू.”

“आणि चार दिवसांत तो सरकला तर?”

टेंबे वाईट माणूस नव्हते. त्यांनी पथकाच्या पत्रासाठी कागद पुढे ओढला. प्रणिताने जीप काढली.

*

मसोबा गावाच्या वेशीबाहेर, रस्त्याला लागून. शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड, वर लिंबाची सावली. प्रणिता लहानपणापासून इथं चप्पल काढत आली होती. आज तिने जीप थांबवली, चप्पल काढली आणि हात जोडायचे विसरून ती जमिनीकडेच बघत राहिली. केंद्राच्या नकाशात तार इथून सरळ जात होती, रस्त्याच्या कडेने, दगडाला चाटून.

गोदामापुढे जत्रा भरली होती. दाव्याला शेरडं, दोरीवर लुगडी, तीन दगडांच्या चुली. गोदामाच्या भिंतीला दारं टेकवून ठेवली होती. नुसती दारं, ओळीने. इकडे घर सोडताना दार मागे ठेवत नाहीत. दार उघडं टाकून गेलं तर घर परत बोलावत नाही म्हणतात. म्हणून बिजागरीतून उचलून बरोबर घ्यायचं. पोलीस घाई करत असताना खालच्या वस्तीने आधी दारं काढली होती, मग भांडी.

“आली का माय,” प्रयागबाई खिल्लारे आपल्या निळ्या दारापाशी तांदूळ निवडत बसली होती. वस्तीतली सगळ्यांत जाणती बाई. प्रणिताला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. “तुझ्या दादानं लै केलं बग आमच्यासाठी. किल्लारीच्या वक्ताला मी नवी नवरी व्हते. तवा दहा-दहा दिस पालात काढले. आता कसं, डोक्यावर पत्रा हाय, पायाखाली फरशी हाय. आनी भ्याव न्हाई.”

प्रणिताला तिच्याकडे बघवेना.

दिगंबर ड्रममधून हळद काढत होता. पन्नाशीला आलेला, दांडगा, कोपरापर्यंत पिवळा. पाच गावांची हळद त्याच्याकडे यायची. दोनदा सरपंच झालेला. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. प्रणिताने त्याला गोदामामागे नेलं.

“दादा, तार टाकली तवा देखरेख तुझी व्हती. मसोबापाशी काय केलंत?”

“काय करनार? मशीन घिऊन आले व्हते ते लोक. म्हनले, सरळ खंदतो. मी म्हनलं, मपल्या पोटावर पाय द्या, पन मसोबाच्या अंगाला फाळ लावू नका. वळसा घातला. खालून, लिंबाच्या मागून, पार चिंचेपस्तोर नेली अन् तिकडून परत रस्त्याला आनली.”

“किती?”

“आसंल तीनेकशे मीटर. कामून?”

“कागदावर सरळच दाखवली.”

“मंजुरी सरळची व्हती ना. वळसा दाखवला आसता तर मंजुरी पुन्ना मुंबईला गेली आसती. समदेच तसं करतात, प्रणे. तार लागली, इंटरनेट आलं, कुनाचं काय आडलं?”

इतकी वर्षं कुणाचंच काही अडलं नव्हतं, हेही खरंच. चित्रपट वळशावरूनही तेवढेच येतात. कानोसाचं तसं नव्हतं. तारा जोडताना केंद्राने दर किलोमीटरला जमिनीवर घण मारून पाहिला होता, की ठोका पडद्यावर जागच्या जागी उमटतो का. कवठाळीतही मारला, मसोबाच्या अलीकडे. पलीकडे मारायला निघाले तेव्हा गाव आडवं आलं. मसोबाच्या हद्दीत घण मारायचा नाही. हद्द कुठवर, तर पार ओढ्यापर्यंत. पथकाने प्रणिताला फोन केला. तुमचंच गाव, काय करायचं? प्रणिता म्हणाली, राहू द्या, तिथं तार सरळच आहे. दादाने टाकलीय.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मसोबाला भिऊन वळसा घातला, आणि मसोबाला भिऊनच तो सापडला नाही.

“घण आहे?” तिने विचारलं.

“हाय.”

“गोदामाच्या उंबऱ्यापाशी मार. जोरात.”

हद्द मसोबाचीच होती, पण तिचा चेहरा बघून त्याला काही विचारावंसं वाटलं नाही. त्याने घण आणला. प्रणिताने टॅब्लेट उघडून त्याच्यापुढे धरला. दिगंबरने पाय रोवले आणि घण घातला. फरशी हादरली. टॅब्लेटवर ओढ्याच्या पलीकडे, प्रयागबाईच्या अंगणात, लाल ठिपका उमटला. नेमका रेघेवर.

दिगंबरने पुन्हा मारला. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने घण उचलला आणि हळूच खाली ठेवला.

“म्हंजे ती रेघ...”

“इथं हाय दादा. गोदामाखाली. गोदामातनं निघून आपल्या घराच्या उंबऱ्याखालून जाते.”

त्याने गोदामाच्या दाराकडे पाहिलं. पलीकडे कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

“कुनाकुनाला म्हाईत हाय?”

“साहेबांना सांगितलंय. ते चार दिवस थांब म्हणतात.”

“मंग थांब की. सायेब म्हनतो तर थांब.” त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि प्रणिताला त्याचीच भीती वाटली. “हे बग. पाचात एक म्हनलीस तू. म्हंजे पाचात चार, काईच व्हनार न्हाई. आज तू रेघ हिथं हाय म्हनलीस, की लाल पट्टा मपल्या घरावर. पुन्ना हिथं वीट लावता येनार न्हाई, ड्रम लावता येनार न्हाई. बापानं बांधलेलं हाय प्रणे. आन लोक काय म्हनतील? कऱ्हाळ्यानं तार वळवली अन् रेघ आमच्या गळ्यात घातली. मी मुद्दाम केलं म्हनतील.”

“तू मुद्दाम न्हाई केलंस.”

“ते तुला म्हाईत अन् मला.”

“दादा, आत लेकरं हायत.”

“मला दिसत न्हाईत का?” तो ओरडला, आणि लगेच ओशाळून इकडेतिकडे पाहू लागला. मग तो तिच्याकडे न बघता ड्रमकडे निघून गेला. मोटर पुन्हा चालू झाली.

प्रणिता तिथेच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंतीच्या आत कुणीतरी खोकत होतं. तिला वाटलं, आत्ता, या क्षणी पायाखाली काही सरकलं तर? तिने टेंबेंना फोन लावला. ठोक्याचं चित्र पाठवलं. ते म्हणाले, चित्र पक्कं आहे, मी जिल्ह्याशी बोलतो, पण आदेश निघेपर्यंत तू केंद्राच्या नावाने काही बोलू नकोस. “मग माझ्या नावाने बोलते,” ती म्हणाली. तिने फोन ठेवला.

*

चार वाजता तिने गोदामात सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. तार, वळसा, तीनशे मीटर. सोपं करून सांगितलं, दोनदा सांगितलं. चूक कुणाची ते मात्र सांगितलं नाही. ‘तार वळली’ एवढंच म्हणाली. दिगंबर दारात उभा होता. आत आला नाही.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक बाई हसली. तिच्यामागून दुसरी.

“म्हंजे आता आमची घरं बरी, अन् हे वंगाळ?”

“हो.”

“परवा उलटं म्हनत व्हतात.”

“परवा चुकलं होतं.”

“अन् आज बरोबर हाय कशावरनं?”

प्रणिताकडे उत्तर होतं, पण ते टॅब्लेटवर होतं. आणि टॅब्लेटवर आता कुणाचाच विश्वास नव्हता. मागून एक तरणा गडी उठला. प्रयागबाईचा पुतण्या, संजय.

“ताई, खरं बोला की. हळदीचा हंगाम आलाय. बाहेर थप्प्या लागल्यात. गोदाम मोकळं पायजे आसंल, तर सरळ सांगा. आमी काय आमंत्रनानं न्हाई आलो.”

गोदामात गुणगुण उठली. प्रणिताने टॅब्लेट बंद केला. खरं बोलायला यावं आणि चोर ठरावं, अशी गत.

“संज्या, गप,” प्रयागबाई म्हणाली. पण तीही उठली नाही. “माय, तुजं खोटं न्हाई म्हनत मी. पन आता हलवत न्हाई बग. दार काडलं, आनलं. परत न्यायचं, परत बशिवायचं, परवा म्हनचाल परत काडा. आमचं काय खेळनं हाय का? दिगूभाऊ सांगू दे. त्येचं गोदाम हाय. त्यो म्हनला ऱ्हावा, तर ऱ्हातो.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात दिगंबर नव्हता.

प्रणिता त्या रिकाम्या दाराकडेच बघत राहिली. दादाने पाठ फिरवली होती. तिने त्याला बोल लावावा तरी कसा? तिने मागितलं होतं ते काय थोडं होतं? तरी आतून तिला वाटत राहिलं, की दोन थपडा खायला पुढे झालेला तो हाच माणूस, आणि आज तो गेला कुठं?

तेवढ्यात घराच्या बाजूने आवाज आला. लोखंडावर लोखंड. मग मीरावहिनीचा आवाज, “आवं, काय करायलात? आवं, हात जोडते!” मग पुन्हा लोखंड.

लोक बाहेर आले. दिगंबर आपल्या घराचं दार काढत होता. सागवानी दार, वडिलांनी तेलंगणातल्या निर्मलहून सुतार आणून करून घेतलेलं, पितळी कडीचं. वरची बिजागरी निघाली होती. खालच्या बिजागरीवर तो हातोडी मारत होता आणि मीरावहिनी पदर तोंडात धरून उभी होती. बिजागरी सुटली. त्याने एकट्याने ते दार पाठीवर घेतलं. दोन माणसांना जड जाईल असं दार. वाकत, अडखळत तो गोदामापर्यंत आला आणि प्रयागबाईच्या निळ्या दाराशेजारी त्याने ते टेकवलं.

“तार मी वळवली,” तो म्हणाला. धाप लागली होती, शब्द तुटत होते. “मसोबाला भ्यालो, वळवली. अन् कागदावर सरळ दावली. समद्यांना उठवलं ते मपल्या पायी. रेघ मपल्या उंबऱ्याखाली हाय. मी लेकराबाळांना घिऊन वरच्या रानात चाललो. ज्याला माजं पटतंय त्यानं उठावं. न्हाई पटत त्यानंबी उठावं. मंग मला शिव्या द्या.”

कुणी शिवी दिली नाही. प्रयागबाईने तांदळाचं सूप उचलून डोक्यावर घेतलं आणि निळ्या दाराचं एक टोक धरलं. दुसरं टोक संजयने धरलं.

अंधार पडायच्या आत गोदाम रिकामं झालं.

दिगंबर त्या संध्याकाळी प्रणिताशी धड बोलला नाही. तिने रानात पालाच्या मेखा ठोकायला हात लावला, तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे, मीरा करील.” ती नांदेडला परतली तेव्हा तो पाठमोरा बसला होता.

*

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. काही झालं नाही. केंद्रात तिच्या नावाने नोटीस निघाली. गावात कुजबुज सुरू झाली, की बहीणभावानं मिळून चांगलाच तमाशा केला. प्रणिता जेवेना. पडद्यासमोरून हलेना. धक्का बसू नये असं तिला वाटे, आणि बसलाच नाही तर दादा कायमचा खोटा पडेल, असंही वाटे. हे दुसरं वाटलं की तिला स्वतःची शिसारी येई.

शनिवारी दुपारी पडदा पांढरा झाला.

पाच पूर्णांक एक. चार मिनिटांनी कानोसाने धक्का जोडून दाखवला. क-आठ, उत्तरेकडचा निम्मा भाग, वळसा धरून दुरुस्त केलेल्या रेघेवर. ती गावात पोचली तेव्हा माणसं रानातच होती, सगळीच्या सगळी, पांढऱ्या चेहऱ्यांची. एक म्हातारा पडून हात मोडला होता, दोन शेरडं दगावली होती. गोदामाची मागची भिंत आत कोसळली होती. बुधवारपर्यंत तिच्या कडेला लेकरांची अंथरुणं होती. फरशीतून एक भेग धावत गेली होती, दोन बोटं रुंद, ती ड्रमच्या चौथऱ्याखालून निघून घराच्या उंबऱ्यातून आत शिरली होती. उंबरा मधोमध तुटून त्याची एक बाजू खाली बसली होती.

दिगंबर त्या उंबऱ्यापाशी उकिडवा बसला होता. प्रणिता शेजारी बसली. थोड्या वेळाने त्याने भेगेत हात घातला, बोटं बाहेर काढली आणि धोतराला पुसली.

*

पावसाळ्यापूर्वी खालची वस्ती माघारी गेली. दारं परत बिजागऱ्यांत बसली. कऱ्हाळ्यांच्या घराला लाल पट्टा लागला तो कायमचा. दादा-वहिनी वरच्या रानात पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. सागवानी दार शेडला मोठं झालं, ते आडवं ठेवून वहिनी त्यावर पापड वाळवी. क-आठचा दक्षिणेकडचा भाग अजून सरकायचा होता. प्रणिताची नोटीस मागे घेतली गेली नव्हती, आणि दादाचा फोन आला नव्हता.

मग एका सकाळी चहा घेताना तिचं लक्ष पडद्याकडे गेलं आणि पेला ओठापाशीच राहिला. ओढ्याच्या पलीकडे, प्रयागबाईच्या अंगणात, ठोके उमटत होते. सात उंच आणि आठवा बसका.

नकाशा पुन्हा चुकला? वळसा धरायचा राहिला? तिने घाईघाईने आकडे तपासले. वळसा धरलेला होता. मीटर मीटर बरोबर होता. ठोके तरीही तिथेच.

फोन वाजला.

“दिसायलंय का?” दिगंबर म्हणाला.

“दिसायलंय,” ती कशीबशी म्हणाली. “प्रयागमावशीच्या अंगणात.”

“बरोबर हाय. तिनंच जागा दिली. म्हनली, प्रणीच्या यंत्रानं आधीच हिथं लावला व्हता, मंग हिथंच लाव. काल क्रेन आनून बशिवला.” मागे ड्रमची धडधड होती, आणि त्यात प्रयागबाई कुणावर तरी ओरडत होती. दिगंबर थोडा थांबला. “मिस्तरी म्हनत व्हता, हलवलाच हाय तर चेपलेला पत्रा बदलून टाकू.”

“मग? बदलला?”

“न्हाई,” तो म्हणाला. “म्हनलं, ऱ्हाऊ दे. मपल्या भनीला ओळखू आला पायजे.”